दोन थापा, एक टाळी

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने काय बोलावे, याचे संकेत ठरलेले आहेत. संस्थापकांचे स्मरण करावे, दात्यांचे ऋण मानावे, निकालाची टक्केवारी सांगावी. ते सारे अहवालात आलेच आहे आणि ते माझ्याहून अधिक चांगल्या शब्दांत आले आहे. म्हणून मला मिळालेला वेळ मी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीसाठी वापरणार आहे. ज्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ती घडली, त्याची आणि त्याच्या वडिलांची मी परवानगी घेतली आहे. नाव मात्र सांगणार नाही.

आरंभ एका आवाजापासून करते. आपल्यापैकी प्रत्येकाने तो या शाळेत ऐकला आहे, बहुतेकांनी केलाही आहे. तास रिकामा असला की मागच्या बाकावरून सुरू होतो. बाकावर दोन थापा, मग एक टाळी. पुन्हा दोन थापा, एक टाळी. बघता बघता सारा वर्ग त्यात सामील होतो आणि जिन्यात कोणाची चाहूल लागली की एकदम शांतता पसरते. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्या आवाजासाठी मी किती मुलांना उभे केले असेल, याची गणती नाही. तो आवाज म्हणजे निव्वळ धुडगूस, अशी माझी पक्की समजूत होती. ते एक गाणे आहे, १९७७ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेले, आणि श्रोत्यांना हातापायांनी ज्यात भाग घेता यावा अशाच हेतूने ते रचले गेले आहे, हे मला तीन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या वहीतून कळले.

हा मुलगा काचीगुड्याकडून चालत येई. वडील एका औषधाच्या दुकानात हिशेब पाहतात, आई घरी शिवणकाम करते. आठवीपर्यंत तो कोणाच्या डोळ्यांवर न येणारा विद्यार्थी होता. नववीच्या आधीच्या उन्हाळ्यात तो पुण्याला मावशीकडे गेला. तिथे मावसभावाने त्याला ‘क्वीन’ या इंग्रज वाद्यवृंदावरचा चित्रपट दाखवला आणि पोरगा परत आला तो वेगळाच होऊन. पुस्तकांच्या वेष्टनांवर चार माणसांची चित्रे, कंपासपेटीच्या झाकणावर त्यांचे बोधचिन्ह, डब्याच्या सुट्टीत तोंडी तोच विषय. ज्या वाद्यवृंदाचा प्रमुख गायक १९९१ साली, म्हणजे या मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधी निवर्तला, त्याच्यासाठी हैदराबादेतल्या मराठी शाळेतला एक मुलगा झुरत होता. वर्गातील मुले त्याला ‘राणीसाहेब’ म्हणून चिडवीत. पहिल्या चाचणीत गणितात तो अनुत्तीर्ण झाला.

दसऱ्याच्या सुट्टीपूर्वीच्या आठवड्यात, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, तो हातात एक दोनशेपानी वही धरून काहीतरी पुटपुटत उभा असलेला मला दिसला. मी वही काढून घेतली. तेवढ्यावर थांबले असते तर आजचे भाषण करण्याची वेळ आली नसती. मी ती सर्व शाळेसमोर उघडली, इंग्रजी अक्षरे पाहिली आणि ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, “साठ वर्षे लोकांनी पदरमोड करून परमुलखात मराठी शाळा चालवली, ती या परक्या आरडाओरड्यासाठी? ज्याला आपल्या भाषेची लाज वाटते, त्याने इथे शिकू नये.”

मुले हसली. तो हसला नाही, रडलाही नाही. मान खाली घालून उभा राहिला. वही मी माझ्या कपाटात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील आले. मला वाटले, तक्रार करतील. ते माझेच वाक्य घेऊन आले होते. “बाई, तुमचं बरोबर आहे. त्याला इंग्रजीचंच वेड आहे, तर मग त्याला इथं ठेवून काय उपयोग? दहावीला इंग्रजी माध्यमात घालतो. दाखला द्या.” मी गप्प झाले. वर्गात एकवीस मुले. एके काळी ज्या इयत्तेच्या दोन तुकड्या भरत, तिची ही अवस्था. आणि एका दाखल्याची मागणी मी स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतली होती. “सुट्टीनंतर बोलू,” असे म्हणून मी वेळ मारून नेली.

जाताना ते दारात थांबले. “आणखी एक. तो गाणारा माणूस एड्सनं गेला म्हणतात. असल्या माणसाच्या तसबिरी माझ्या घरात नकोत, एवढं तुम्ही त्याला समजावा.”

सुट्टीत कार्यालयाची आवराआवर करताना ती वही पुन्हा हाती आली. परत करण्यापूर्वी आत आक्षेपार्ह काही नाही ना, हे पाहावे म्हणून मी ती उघडली. खरे सांगते, हेतू तपासणीचाच होता. तासाभराने शिपायाने येऊन विचारले की, दिवा लावू का, तेव्हा मी भानावर आले.

पहिल्या पानावर लिहिले होते : ‘फ्रेडी मर्क्युरी. खरे नाव फारुख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार.’ तारखेखाली दोन रेघा आणि कंसात ‘शिक्षक दिन!’ त्याच्या पुढे : ‘कुटुंब पारशी, मूळ गुजरातेतले. वयाच्या आठव्या वर्षी आईवडिलांनी शिकायला पाचगणीला पाठवले. तिथल्या वसतिगृहात राहिला. पियानो तिथे शिकला. बाराव्या वर्षी शाळेतल्या मित्रांबरोबर पहिला वाद्यवृंद काढला.’ म्हणजे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा ज्याला मी ‘परका’ म्हटले तो मुलगा सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकत होता. पुढे १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली, बुलसारा कुटुंबाला घरदार सोडून इंग्लंडला जावे लागले. या नोंदीखाली आमच्या विद्यार्थ्याने एकच वाक्य स्वतःचे म्हणून लिहिले होते : ‘हाही सगळीकडे बाहेरचाच.’

त्या वाक्यापाशी मी थांबले. आपली मुले गल्लीत तेलुगू बोलतात, बाजारात दखनी, शाळेत मराठी. गावाकडे गेली की नातेवाईक त्यांच्या मराठीला हसतात, आणि इथे शेजारी विचारतात, “मराठी शाळेत कशाला घातलंत?” तेव्हा ‘बाहेरचा’ हा शब्द नववीतल्या मुलाला कुठून सुचला असेल, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुढच्या पानावर त्या वाद्यवृंदाचे बोधचिन्ह काळजीपूर्वक काढलेले होते. फ्रेडीने लंडनमध्ये आरेखनकलेचे शिक्षण घेतले होते. ते चिन्ह त्याचेच. चौघांच्या राशी त्यात गुंफल्या आहेत, दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या. मुलाने बाणांनी दाखवून लिहिले होते : सिंह, सिंह, कर्क, कन्या.

त्यानंतर सहा पाने एका गिटारीची. ब्रायन मे हा त्यांचा वादक. शाळकरी वयात त्याला हवी तशी गिटार विकत घेणे परवडत नव्हते. म्हणून १९६३ साली त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरी करायला घेतली. दोन वर्षे लागली. दांड्यासाठी शेकोटीच्या जुन्या चौकटीचे, शंभर वर्षांहून जुने लाकूड घेतले. त्याला किडीने पाडलेली भोके काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. स्प्रिंगा एका जुन्या मोटारसायकलच्या, पट्टीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या, आणि दांडीचे टोक विणकामाच्या सुईचे. हीच गिटार घेऊन तो माणूस पुढे आयुष्यभर जगभर वाजवत राहिला. आमच्या मुलाने या गिटारीची आकृती मोजमापे टाकून काढली होती. गणितात नापास झालेल्या मुलाने पडद्यांमधली अंतरे काढण्यासाठी दशांश अपूर्णांकांची एक लांबलचक कोष्टके भरलेली होती, आणि ती मी पडताळून पाहिली तेव्हा दोनच ठिकाणी चुकलेली होती. समासात लिहिले होते : ‘आईच्या डब्यात अशी बटणे आहेत.’

आणि मग ती पाने, ज्यांच्यामुळे मला त्या रात्री झोप लागली नाही. मी मराठीची शिक्षिका. त्या मुलाने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याचे मराठी करण्याचा प्रयत्न केला होता. १९७५ सालचे हे गाणे पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे. रेडिओवर इतके लांब गाणे चालणार नाही, असे जाणकारांचे मत होते. ते इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यात एक तरुण आपल्या हातून घडलेला गुन्हा आईपाशी कबूल करतो. पुढे सारा प्रकार एखाद्या संगीत नाटकासारखा होतो, तिघांनीच आवाजावर आवाज चढवून मोठा समूह उभा केला आहे, आणि मध्येच गॅलिलिओचे नावही येते. मुलाने आईला मारलेली हाक मराठीत आणताना प्रथम लिहिले होते ‘माते’. खोडले. मग ‘मातोश्री’. तेही खोडले. मग ‘आई’. आणि शेवटी, ठळक अक्षरांत, ‘आई गं’. समासात प्रश्न होता : ‘रडताना कोण मातोश्री म्हणतं?’

शब्दांचा स्तर, प्रसंगानुसार भाषा, हा घटक मी वर्षानुवर्षे शिकवला आहे. फळ्यावर दोन रकाने आखून शिकवला आहे. या मुलाला तो मी शिकवलेला नव्हता. त्याला तो त्या ‘परक्या आरडाओरड्या’ने शिकवला होता. ज्याला मी शाळेसमोर म्हणाले की तुला आपल्या भाषेची लाज वाटते, तो मुलगा इंग्रजी गाणे मराठीत नेण्यासाठी एका हाकेपायी चार वेळा लिहीत आणि खोडत होता.

माझे माहेर नांदेडचे. चौदाव्या वर्षी माझ्याकडेही एक दोनशेपानी वही होती. आकाशवाणीवर भावगीते लागत, ती ऐकता ऐकता मी उतरवून घेत असे. गदिमा, शांताबाई, सुरेश भट. एखादी ओळ निसटली की जागा कोरी सोडायची आणि ते गाणे पुन्हा लागण्याची वाट पाहायची. कधी महिना जाई. परीक्षेच्या दिवसांतही हा उद्योग चाले. माझ्या आईने एकदाही ती वही हिसकावून घेतली नाही. उलट पाहुण्यांना दाखवी, “आमच्या लेकीला वाचनाची गोडी आहे हं.” दोन्ही वह्या सारख्याच होत्या. माझी ‘गोडी’ ठरली आणि त्याचे ‘वेड’ ठरले, याला भाषेखेरीज दुसरे कारण मला सापडले नाही.

सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी मी त्याला कार्यालयात बोलावले, वही दिली आणि म्हणाले, “बाळ, मी चुकले.” तो म्हणाला, “बरं बाई.” आणखी काही नाही. मी विचारले, “वडील इंग्रजी माध्यमात घालायचं म्हणतात. तुला काय वाटतं?” बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “बाई, गाणं मी इंग्रजीत ऐकतो. पण कळतं मराठीत. तिकडं गेलो तर कळणार कशात?”

जे अपमान चारचौघांत केले, त्याची क्षमा बंद दाराआड मागणे पुरेसे नाही, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर, त्याच ध्वनिक्षेपकावरून, मी शाळेपुढे माझे शब्द मागे घेतले. वहीत काय होते ते सांगितले नाही, ती त्याची होती.

मग वडिलांना बोलावले. त्यांचे तीन प्रश्न होते आणि तिन्ही रास्त होते. ते आपणही विचाराल, म्हणून सांगते.

पहिला गुणांचा. त्यावर मी सवलत दिली नाही. छंद आहे म्हणून गणित सुटत नाही. पण त्यांना त्या वाद्यवृंदाची माहिती सांगितली, जी मी त्याच वहीतून आणि पुढे वाचून मिळवली होती. ब्रायन मे भौतिकशास्त्राचा पदवीधर. खगोलशास्त्रातले त्याचे संशोधन गाण्यापायी अर्धवट राहिले होते, ते तीस वर्षांहून अधिक काळानंतर पूर्ण करून २००७ साली त्याने डॉक्टरेट मिळवली. जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, टाकून दिलेल्या भागांतून त्याने स्वतः ध्वनिवर्धक बनवला होता. रॉजर टेलर दंतवैद्यकीला गेला होता, ते सोडून त्याने जीवशास्त्र घेतले. वडील ऐकत होते. त्यांना या माणसांच्या नाचगाण्यापलीकडे काही असेल, अशी कल्पनाच नव्हती. तशी ती मलाही नव्हती.

दुसरा प्रश्न त्या गायकाच्या आयुष्याचा. मी म्हणाले, “होय, तो एड्सने गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. आजाराविषयीचे निवेदन मृत्यूच्या आदल्या दिवशी प्रसिद्ध झाले. त्याचे सारे आयुष्य तुमच्या-माझ्या चौकटीत बसणारे नव्हते. पण एड्स हा विषय मुलांच्या जीवशास्त्रात आहे, आम्ही तो वर्गात शिकवतो. आजार हा चारित्र्याचा दाखला नाही, हे एकीकडे शिकवायचे आणि दुसरीकडे त्याच आजारासाठी तसबीर फाडायची, हे मुलाला कसे पटेल?” ते लगेच पटून गेले, असे मी म्हणणार नाही. ते म्हणाले, “बघू.” तसबीर राहिली, असे मला नंतर कळले.

तिसरा प्रश्न त्यांनी उठता उठता विचारला आणि तोच खरा होता. “बाई, तो तासन्‌तास त्यात असतो. मला त्यातलं काही कळत नाही. माझा मुलगा माझ्या हातून जातोय असं वाटतं.” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणाले, “त्या गिटारीची गोष्ट तुम्ही त्याला विचारा. मी सांगणार नाही. त्याच्याकडूनच ऐका.”

दाखल्याचा अर्ज त्यांनी मागे घेतला. तो का, हे मला पुढच्या महिन्यात आमच्या विज्ञानाच्या सरांकडून कळले. वडील आणि मुलगा रविवारी फळकुटावर तारा ताणून काहीतरी ठोकत बसलेले त्यांनी पाहिले होते. सरांनी मग ते फळकूट वर्गात मागवले आणि तारेची लांबी निम्मी केली की स्वर एका सप्तकाने चढतो, हे त्यावर दाखवले. ते फळकूट कधीही नीट वाजले नाही. आमच्या प्रयोगशाळेत अजून आहे, जाताना अवश्य पाहा.

आता या गोष्टीचा शेवट. हा मुलगा पहिला आला नाही. दहावीला त्याला मध्यम गुण मिळाले, गणितात उत्तीर्ण झाला. आज तो इलेक्ट्रॉनिक्सची पदविका करतो आहे. गेल्या गणेशोत्सवात भेटायला आला. मी मोठ्या उत्साहाने विचारले, “तुझे ते भाषांतर पुरे झाले का रे?” तो हसला. म्हणाला, “नाही बाई. ती वही आहे घरी. पण तुम्ही परत दिल्यावर मग तिच्यात काही लिहिलं नाही.”

“का रे?”

“माहीत नाही. लिहायला बसलो की मुलं हसलेली ऐकू यायची.”

मी चूक कबूल केली, जाहीर केली, मुलगा शाळेत राहिला, बापलेक एकत्र बसले. तरीही ‘आई गं’ या हाकेच्या पुढचे गाणे मराठीत आले नाही. ते आता येणार नाही. क्षमा मागितल्याने सर्व काही भरून येते, असे आपण मुलांना सांगतो. तसे होत नाही, हे मला एका मुलाने अतिशय सौजन्याने सांगितले.

पालकहो, आपल्या मुलाचे वेड आपल्याला आवडलेच पाहिजे, असे मी म्हणत नाही. मला आजही ती गाणी सगळी आवडत नाहीत. काही फार कर्कश वाटतात. रात्रीची वेळ, अभ्यासाचे तास, फोनचा हिशेब, यांवर बंधन हवेच आणि ते घालणे आपले काम आहे. पण बंधन घालण्यापूर्वी एकदा विचारा, “यात काय आहे, मला सांग.” आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नका. चौदा-पंधरा वर्षांचे मूल आपल्याला काही समजावून सांगण्याची संधी फार थोड्या वेळा देते.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या वह्या या शाळेने काढून घेतल्या असतील, मला ठाऊक नाही. शाळेच्या वतीने आज त्यांची क्षमा मागते. आणि मराठी शाळेची काळजी करणाऱ्यांना एक सांगते. साठ वर्षांपूर्वी निजामाच्या जुन्या राजधानीत ही शाळा निघाली, ती इतर भाषांची दारे बंद करण्यासाठी खचितच नव्हे. झांझिबारचे, पाचगणीचे, लंडनचे जे काही मुलांच्या कानांवर पडेल, ते त्यांना ज्या भाषेत कळेल ती भाषा त्यांच्यापाशी असावी, यासाठी ती आहे. मुलगा ते मला अंगठ्याकडे पाहत सांगून गेला. मी फक्त पुन्हा सांगते आहे.

या वर्षापासून शनिवारचा शेवटचा तास आम्ही मोकळा ठेवला आहे. कोणीही उभे राहावे आणि आपल्याला ज्याचे वेड आहे त्याविषयी दहा मिनिटे मराठीत बोलावे. आतापर्यंत कबुतरे, क्रिकेटच्या बॅटी, एक कोरियन वाद्यवृंद, आणि आजीच्या हातचे मेतकूट, इतके विषय झाले. हसण्यास मनाई नाही, पण बोलणारा हसला तरच.

आणि जिन्यातून जाताना दोन थापा, एक टाळी ऐकू आली तर मी आता पाय वाजवत चालते. वर्ग शांत व्हायचा तो होतोच. पण ऐकून मग शांत होऊ दे, असे मनात म्हणते.